आरोपी मधोमध, गोष्ट त्याच्या भोवती: ‘कोर्ट’चा नायक कोण?

मुंबईत वासुदेव पवार नावाचा सफाई कामगार मॅनहोलमध्ये मरून पडलेला सापडतो. पुढे नारायण कांबळे या पासष्टीच्या लोकशाहिराला पोलीस भर कार्यक्रमात स्टेजवरून उचलतात. आरोप असा की, त्यांनी वस्तीत एक गाणं म्हटलं, त्यात गटारं साफ करणाऱ्यांनी गटारातच गुदमरून जीव द्यावा असं सांगितलं होतं, आणि ते ऐकून वासुदेवने जीव दिला. कलम लागतं ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करण्याचं. भारतीय दंड संहितेत त्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा होती.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाची वन लाईन एवढीच. २०१४ साली व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याला दोन पारितोषिकं मिळाली, पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारतातर्फे तो ऑस्करलाही गेला. हे सगळं वाचून थिएटरात गेलेले कितीतरी प्रेक्षक मात्र बाहेर येताना कोड्यात पडलेले असायचे. ‘चांगला आहे, पण काही घडतच नाही,’ ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की तिलाच या प्रकरणाचा मुख्य पुरावा मानायला हरकत नाही. कारण घटना मोजायला बसलात तर त्या भरपूर आहेत. एक मृत्यू, दोन अटका, एक जामीन, एका वकिलाच्या तोंडाला काळं फासणं, एका विधवेची साक्ष. एवढ्या ऐवजावर एखाद्याने तीन तासांचा दणदणीत कोर्टरूम ड्रामा उभा केला असता. मग ‘काही घडत नाही’ असं का वाटतं?

माझं उत्तर असं की, घटना घडतात, पण त्यांतली एकही नायकाच्या इच्छेतून घडत नाही. पटकथेच्या वर्गात पहिल्या दिवशी सांगतात, नायकाला काहीतरी हवं असतं, कुणीतरी आडवं येतं, त्यातून ठिणगी पडते आणि कथानक पुढे सरकतं. ताम्हाण्यांनी आरोपी मधोमध बसवला आणि पुढची घटना घडवण्याची ताकद त्याच्या हातून काढून घेतली. ती गेली तारखेकडे, शिरस्त्याकडे, उन्हाळी सुट्टीकडे. संपूर्ण चित्रपटाचा आकार या एका निर्णयातून आलेला आहे.

शाहिराला काय हवंय?

मराठी प्रेक्षकाच्या मनात ‘शाहीर’ म्हटलं की एक तयार नायक असतो. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांचं १९४४ सालचं लाल बावटा कलापथक, त्याच्या आधीपासून गावोगाव फिरलेले आंबेडकरी जलसे, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा. डफावर थाप पडली की समोरचा हजारोंचा जमाव उसळतो, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. त्यात २०११ पासून कबीर कला मंच या गाणी-पथनाट्यं करणाऱ्या गटाच्या कलावंतांवर यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटले भरले गेले होते, म्हणजे विषय ताजा होता. सोपा रस्ता समोरच होता. शाहिराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं आणि मध्यंतरानंतर त्याच्या तोंडी एक असं भाषण घालायचं की न्यायाधीशाची मान खाली जाईल.

‘कोर्ट’मधले कांबळे सुरुवातीला मुलांची शिकवणी घेताना दिसतात, बसने कार्यक्रमाला जातात, स्टेजवर चढून गातात. संभाजी भगत यांचं संगीत आणि वीरा साथीदार यांचा कोरडा, न चढणारा आवाज. तिथे त्यांचा दरारा दिसतो, पण लगेच पोलीस येतात. त्यानंतर कोर्टात कांबळे बहुतेक वेळ नुसते बसलेले असतात. कॅमेरा लांब उभा, फ्रेम रुंद, त्यात वकील, कारकून, पुढच्या प्रकरणाची वाट पाहणारी चार माणसं, आणि कांबळे त्यांतले एक. त्यांचा चेहरा आपल्याला जवळून वाचू दिला जात नाही. प्रश्न विचारला तर ते उत्तर देतात. असं गाणं लिहिलंय का? नाही. मग लिहाल का? लिहायला हरकत नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख असतो. प्रेक्षागृहात यावर हशा पिकतो, पण पटकथेच्या दृष्टीने हे उत्तर आत्मघातकी आहे. सुटण्याची धडपड करणारा नायक असं कधी बोलणार नाही.

म्हणजे कांबळेंना सुटायचं नाही का? तसं नाही. जामीन मिळतो तेव्हा ते बाहेर येतात, पुन्हा कार्यक्रम करतात, छापखान्यात आपलं पुस्तक छापून घ्यायला बसतात आणि तिथूनच पुन्हा उचलले जातात, या वेळी यूएपीएखाली. त्यांना जे हवं आहे ते कोर्टाबाहेर आहे. गाणं, शिकवणी, पुस्तक. कोर्टात जे चाललं आहे त्याच्याशी त्या इच्छेचा सांधाच जुळत नाही, म्हणून कोर्टात संघर्ष ‘पेटत’ नाही. ही गोष्ट लक्षात आली की कांबळेंचं गप्प बसणं दुबळेपणाचं वाटेनासं होतं. कोर्टाने ठरवून दिलेल्या लढाईत ते उतरतच नाहीत, इतकंच.

१९६७ चं कोर्ट

मराठीत आरोपीला मधोमध उभं करण्याचा वस्तुपाठ विजय तेंडुलकरांनी घालून दिला आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे त्यांचं नाटक रंगायन या नाट्यसंस्थेने १९६७ साली केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, आणि लीला बेणारेच्या भूमिकेत होत्या सुलभा देशपांडे. प्रयोगासाठी गावात आलेली हौशी नाटक मंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात, आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभं करतात, आरोप भ्रूणहत्येचा ठेवतात, आणि बघता बघता खेळ खरा होतो.

दोन्ही कलाकृती शेजारी ठेवल्या की नायक आणि संघर्षाचं नातं स्पष्ट दिसायला लागतं. बेणारेकडे गुपित आहे. तिला जगायचं आहे, मूल हवं आहे, शिक्षिकेची नोकरी टिकवायची आहे. प्रत्येक साक्षीदार त्या गुपिताच्या एक पाऊल जवळ जातो, म्हणून प्रत्येक साक्षीनंतर फास आवळतो. सुखात्मे, काशीकर पतिपत्नी, पोंक्षे, कर्णिक, रोकडे हे सगळे एकत्र येऊन शिकार करतात, आणि त्या शिकारीत प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी अपुरेपण झाकायचं असतं. शेवटी तेंडुलकर काळ थांबवतात आणि बेणारेला तिचं प्रदीर्घ स्वगत देतात. ते मंचावरच्या कुणाला ऐकू जात नाही, पण प्रेक्षकाला जातं. खटला हरलेली बेणारे नाटक जिंकते.

ताम्हाण्यांच्या कोर्टात साक्षींनी फास आवळत नाही, उलट सैल होत जातो. पोलिसांचा साक्षीदार याआधीही अशाच साक्षी देत आलेला निघतो. तुरुंगातल्या मित्राने ‘आजारी आईकडे लक्ष ठेव’ असं लिहिलेलं पत्र पोलीस सांकेतिक भाषा म्हणून पुढे करतात. प्रत्येक तारखेला आरोप अधिकाधिक हास्यास्पद होतो आणि तरी कांबळे आतच असतात. फास सैल असूनही सुटत नाही, हा ‘कोर्ट’चा संघर्ष. तो उत्कंठेने सांगता येत नाही, कारण उत्कंठेसाठी निकाल अनिश्चित असावा लागतो आणि तो पुराव्यावर अवलंबून असावा लागतो. इथे पुराव्याला फारसं काही ठरवायचंच नाही. स्वगताची जागाही म्हणून उरत नाही. कांबळे बोलले असते तरी टंकलेखकाला सांगून त्याचं एक वाक्य नोंदवलं गेलं असतं आणि पुढची तारीख पडली असती.

आणखी एक फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बेणारेच्या विरोधातली माणसं एका खोलीत अडकलेली आहेत. त्यांची क्रूरता त्या कोंडीतून येते. कांबळेंच्या विरोधातली माणसं पाच वाजले की घरी जातात.

घरी जाणारी माणसं

सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) लोकलच्या लेडीज डब्यात शेजारणीशी मधुमेह आणि ऑलिव्ह ऑईल यांवर बोलते, पाळणाघरातून मुलाला घेते, घरी येऊन कुकर लावते, टीव्हीसमोर बसलेल्यांना वाढते. दिवसभर तिने इंग्रजी अमदानीतल्या कायद्यांची कलमं एका सुरात वाचलेली असतात. एका प्रसंगात सहकाऱ्यांशी बोलताना ती म्हणून जाते की, द्यावी एकदाची वीस वर्षं आणि मोकळं व्हावं, तेच तेच चेहरे बघून कंटाळा आला. हे वाक्य खलनायिकेच्या तोंडी असतं तर आपण दात-ओठ खाल्ले असते. पण तोवर आपण तिच्या स्वयंपाकघरात उभे राहून आलोय. ती थकलेली आहे हे आपल्याला माहीत आहे. थकलेल्या माणसाचं कंटाळून बोललेलं वाक्य दुसऱ्याच्या वीस वर्षांबद्दल असू शकतं, हे त्या एका क्षणात कळतं.

कथालेखनात प्रतिनायकाला ‘माणूस’ बनवा असा सल्ला नेहमी दिला जातो, आणि त्याचा अर्थ बहुधा असा लावला जातो की त्याचं दुःख दाखवा म्हणजे त्याचा राग येणार नाही. ताम्हाणे नूतनचं दुःख दाखवतच नाहीत. तिचा दिनक्रम दाखवतात. ती सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. तिथे परप्रांतीय जावई नको म्हणणारा मराठी बाप स्टेजवर डरकाळ्या फोडतो आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजवतं, नूतनचं घरही. हा प्रसंग कथानकाला इंचभर पुढे नेत नाही. तो कापला असता तर खटल्यावर काही परिणाम झाला नसता, पण नूतनबद्दल आपलं मत बनवणं फार सोपं झालं असतं.

बचावाचा वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर, जे चित्रपटाचे निर्मातेही आहेत) याच्यावर नायकपण सोपवणं सर्वांत सोयीचं होतं. सुशिक्षित, श्रीमंत, गुजराती, मानवी हक्कांसाठी झटणारा, गरिबाचा खटला फुकट लढणारा. हिंदी चित्रपटाला असा वकील फार आवडतो. ‘कोर्ट’मध्ये तो पहिल्यांदा एका सभेत बेकायदा कोठडीबद्दल कळकळीने भाषण करताना दिसतो, आणि भाषण ऐन रंगात असताना कुणीतरी पंखा आणून मध्येच लावायच्या खटपटीला लागतं. इथेच त्याचं नायकपण पंक्चर होतं, आणि तेही त्याची टिंगल न करता. सुपरमार्केटात वाईन आणि चीज घेणारा, आईवडिलांकडे जेवायला गेला की लग्नावरून बोलणी खाणारा हा माणूस प्रामाणिक आहे. खटला तो मन लावून लढतो. जामिनाच्या पैशांची सोयही तोच करतो. पण त्याच्या लढण्याने गोष्ट बदलत नाही.

गंमत अशी की चित्रपटात ‘नाट्यमय’ म्हणावी अशी एकच घटना आहे, आणि ती व्होराच्या वाट्याला येते. एका पंथाच्या रूढींवर टीका करणाऱ्या पुस्तकाबद्दल तो कोर्टात बोलतो, आणि त्या पंथाची माणसं हॉटेलबाहेर गाठून त्याच्या तोंडाला काळं फासतात. नंतर तो सलूनमध्ये फेशियल करून घेताना दिसतो. त्याचा संघर्ष धुऊन काढता येतो, कांबळेंचा येत नाही, हे सांगायला दिग्दर्शकाला एकही संवाद लागलेला नाही. माझ्या मते पटकथेतली ही सर्वांत निर्दय आणि सर्वांत अचूक जोडणी आहे.

जिथे क्लायमॅक्स असायला हवा होता

वासुदेवची बायको शर्मिला (उषा बाने) साक्षीला येते. इतर कुठल्याही कोर्टपटात हा कळसाचा प्रसंग असता, कारण खटल्याचं कोडं तिच्या उत्तरांनी सुटतं. नवरा दारू प्यायचा, कारण प्यायल्याशिवाय त्या वासात उतरता येत नसे. गटारात उतरण्याआधी तो खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. विषारी वायूने त्याचा एक डोळा आधीच गेला होता. सुरक्षेची साधनं नव्हती. त्याने कधी जीव देण्याची भाषा केली होती का? नाही. शवविच्छेदनाचा रोखही विषारी वायूने गुदमरण्याकडेच असतो.

म्हणजे आत्महत्या झालीच नाही. मग प्रवृत्त कोण कुणाला करणार?

ही साक्ष शर्मिला ज्या सपाट आवाजात देते तो लक्षात घ्या. रडणं नाही, संताप नाही, कुणाकडे बोट दाखवणं नाही. विचारलं तेवढं सांगते. तिच्या मागे पार्श्वसंगीत नाही. समोर कुणाचा चेहरा पालटत नाही. सत्य कोर्टात आलं आणि नोंदवलं गेलं, बस्स. नंतर व्होरा तिला गाडीतून सोडायला जातो, पैसे देऊ करतो. ती पैसे नको म्हणते, काम असेल तर बघा म्हणते. या चित्रपटात स्वतःला काय हवंय ते इतक्या सरळ सांगणारी ही जवळजवळ एकटीच व्यक्ती. पटकथेच्या वर्गातला नियम लावला तर नायिका तीच ठरते: इच्छा आहे, अडथळा आहे, कृती आहे. पण तिला दोनच प्रसंग मिळाले आहेत.

पडद्याबाहेरही परिस्थिती या साक्षीसारखीच होती. माणसाला गटारात उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा, आणि १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मार्च २०१४ चा. ‘कोर्ट’ व्हेनिसला दाखवला गेला त्याच वर्षीचा. नुकसानभरपाईची रक्कम २०२३ मध्ये तीस लाखांवर नेण्यात आली, म्हणजे मधल्या काळात ती देण्याची वेळ येणं थांबलं नव्हतं. चित्रपट यातलं काही बोलत नाही. वासुदेवच्या मृत्यूसाठी खरा आरोपी कोण असायला हवा होता, हा प्रश्न कोर्टात कुणी विचारतच नाही, आणि एकदा खटला गाण्यावर भरला गेला की तो विचारण्याची जागाही राहत नाही. संघर्ष कुणामध्ये आहे हे ज्याने आधी ठरवलं, गोष्ट त्याची होते. पोलिसांनी तो गाणं आणि कायदा यांच्यात आहे असं ठरवलं. गटार आणि महानगरपालिका यांच्यातला संघर्ष तिथेच गोष्टीबाहेर पडला.

शेवट, आणि एक खटकणारी बाब

दुसऱ्या अटकेनंतर जामीन नाकारला जातो. वर दाद मागा, असं सांगितलं जातं, आणि कोर्टाला महिनाभराची उन्हाळी सुट्टी लागते. कारकून दिवे मालवतात, दारं लावून घेतात. पडदा बराच वेळ काळा राहतो. बरेच प्रेक्षक इथे उठायला लागतात, आणि मलाही वाटतं की चित्रपट इथे संपला असता तरी चाललं असतं.

पण तो संपत नाही. न्यायाधीश सदावर्ते (प्रदीप जोशी) नातेवाइकांच्या गोतावळ्यासह रिसॉर्टला जातात. बसमध्ये गाणी, बोलू न शकणाऱ्या मुलासाठी खड्याची अंगठी आणि नावाच्या आकड्यांचा सल्ला, मग बाकावर दुपारची झोप. पोरं कानाशी ओरडून त्यांना उठवतात, ते दचकून एकाच्या थोबाडीत मारतात आणि पुन्हा झोपतात. या शेवटाचं कौतुक खूप झालं आहे. थोबाडीत मात्र मला जरा आखलेली वाटते. आधीचे दोन तास ताम्हाणे कुणालाही प्रतीक होऊ देत नाहीत, आणि शेवटच्या मिनिटात झोपलेली न्यायसंस्था निरपराध पोराला चापट मारते. एवढं उघड बोलायची गरज नव्हती. बाहीविना टॉप घातला म्हणून एका बाईचं प्रकरण त्या दिवशी ऐकायला हेच न्यायाधीश नकार देतात, तो छोटासा प्रसंग याहून भेदक आहे, कारण तो नियमाच्या चौकटीत बसतो.

आता खरा आक्षेप. नूतन, व्होरा आणि न्यायाधीश या तिघांच्या मागे कॅमेरा त्यांच्या खाजगी आयुष्यात गेला. खटला सुरू झाल्यानंतर कांबळेंच्या मागे तो गेला तो फक्त स्टेजवर आणि छापखान्यात, म्हणजे त्यांच्या शाहिरीच्याच मागे. शर्मिलाच्या घरापर्यंत तो गाडीने गेला आणि दाराशी थांबला. दलित शाहीर आणि सफाई कामगाराची विधवा यांना संध्याकाळ नाही. सकाळच्या चहाचा कप, रिकामी दुपार, चुकीचा विनोद, आवडतं नाटक यांपैकी काहीही नाही. त्यांना आदर मिळाला आहे, पण नूतनला मिळालेली ती गुंतागुंत मिळालेली नाही.

याचा बचाव करता येतो. ज्यांच्याकडे सत्ता आहे त्यांचंच सामान्यपण दाखवायचं, कारण तेच भीतीदायक आहे, हा विचार उघड दिसतो. कांबळेंना घरगुती प्रसंग दिले असते तर प्रेक्षकाने कणव वाटून घेतली असती आणि कणव वाटली की सुटका झाल्यासारखं होतं, हेही मला मान्य आहे. वीरा साथीदार यांची निवडही याच बाजूने बोलते. नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक, व्यावसायिक नट नसलेला माणूस. त्यांच्या चेहऱ्यावर जे आहे ते पटकथेतून आलेलं नाही, त्यामुळे पटकथेने फार काही पुरवायची गरज नव्हती. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने ते गेले.

तरीही बचाव मला पुरता पटत नाही. नायकाची कृती काढून घेणं हा या चित्रपटाचा शोध होता आणि तो यशस्वी झाला. नायकाची संध्याकाळ काढून घेणं त्या शोधासाठी आवश्यक होतं का? नूतनच्या कुकरइतकाच वेळ कांबळेंच्या शिकवणीच्या खोलीला खटल्याच्या मध्यावर पुन्हा एकदा दिला असता, तारीख संपवून ते पोरांच्या वह्या तपासताना दिसले असते, तर कणव आली असती असं मला वाटत नाही. तिन्ही दिनक्रमांच्या शेजारी चौथा येऊन बसला असता, आणि तारखेने नेमकं काय अडवून धरलं आहे ते आपल्याला दिसलं असतं.